टेबलावरच्या संगणकाला आणखी शक्ती कशाला?

बारावीचा निकाल लागून महाविद्यालयीन प्रवेशाची धांदल सुरू झाली, की इंदापूर तालुक्यातील शेळगावसारख्या गावांत अलीकडे एक नवा खर्च घरोघर चर्चेला येतो. मुलगी वाणिज्य किंवा विज्ञान शाखेला जाणार. तिला लॅपटॉप हवा. उसाच्या बिलातून देणी भागवून जी शिल्लक उरली असेल तिच्यातून, नाहीतर कर्जाचे नवे-जुने करून, ही खरेदी करावयाची असते. बारामतीच्या वा इंदापूरच्या दुकानात पाऊल टाकले, की वडिलांपुढे आकड्यांची एक शिडीच मांडली जाते. आय-३, त्यावर आय-५, त्याहून वर आय-७. दर पायरीला काही हजार रुपयांचे अंतर. ‘पुढे उपयोगी पडेल, आताच थोडा मोठा घेऊन ठेवा,’ हा सल्ला ठरलेला. त्या मुलीला संगणकावर नेमके कोणते काम करावयाचे आहे, हा प्रश्न मात्र बहुधा कोणीच विचारीत नाही.

हा प्रश्न एका घरापुरता असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. पण ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, शाळेच्या संगणक कक्षात, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणि सहकारी सोसायटीच्या टेबलावर दर काही वर्षांनी हाच निर्णय घ्यावा लागतो, आणि तेथे खर्ची पडणारा पैसा सार्वजनिक असतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर यंत्रे विकत घेणाऱ्या समाजाने, रोजच्या कामाच्या संगणकाला खरोखर किती गणनशक्ती लागते, याचा हिशेब एकदा मांडावयास हवा.

वादापासून गृहीतापर्यंत

चार दशकांपूर्वी आपल्याकडे वाद होता तो संगणक येऊ द्यावा की नाही, याचा. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँक व्यवस्थापने यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत पहिला महत्त्वाचा करार १९८३ साली झाला आणि पुढल्याच वर्षी डॉ. रंगराजन समितीने बँकांतील संगणकीकरणाचा आराखडा मांडला. त्या वादात कारकुनाची नोकरी पणाला लागली होती. म्हणून प्रत्येक यंत्रामागे ‘हे कशासाठी?’ असे विचारणारा कोणी ना कोणी होता. आज तो वाद उरलेला नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु वादाबरोबर तो प्रश्नही मावळला. संगणक अधिक शक्तिमान असणे म्हणजे चांगलेच, असे गृहीत धरून व्यवहार चालू लागले. गृहीताची किंमत ग्राहकाला द्यावी लागते; विक्रेत्याला नव्हे.

तथापि, अधिक शक्तीची मागणी ही सदाचीच खोटी होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीने बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकाचा प्रोसेसर सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोक्यांच्या गतीने चाले. त्या काळच्या यंत्रांना इंग्रजी पत्र लिहिणे जमे. पण मराठी लिहिणे ही मोठीच अडचण होती. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांची पडद्यावर तत्काळ जुळणी करणे हे त्यांच्या मूळ शक्तीबाहेरचे काम होते. कानपूरच्या आय.आय.टी.त जन्मलेल्या आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने वाढविलेल्या ‘जिस्ट’ तंत्राचे स्वतंत्र कार्ड संगणकात बसविले, की मगच देवनागरी अक्षरे उमटत. तेव्हा अधिक शक्ती म्हणजे खरोखर अधिक उपयोग होता. आज तेच काम हातातला साधा मोबाईल कोणालाही न जाणवता करून टाकतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम आठवील. भुकेल्या माणसाला पहिल्या भाकरीचे मोल फार; चौथी तो सावकाश खातो आणि सहावी ताटात तशीच राहते. पत्र लिहिणे, पगारपत्रक करणे, विद्यार्थ्यांच्या गुणांची बेरीज मांडणे, सातबाऱ्याचा उतारा काढणे, परीक्षेचा अर्ज भरणे, एखादे व्याख्यान पडद्यावर पाहणे, ही रोजची कामे. यांची गणनेची भूक दहा वर्षांपूर्वीच्या मध्यम प्रतीच्या यंत्रानेही भागत होती. ताटात पडू लागली आहे ती सहावी भाकरी.

अडते कोठे?

यावर कोणताही कारकून लगेच हरकत घेईल, की संगणक तर रोज अडतो! सकाळी बटण दाबल्यावर चहा येऊन संपतो तरी यंत्र ‘तयार’ होत नाही. ही तक्रार खोटी नाही. तिचे निदान मात्र चुकते.

शेळगावच्या शेतकऱ्याला हे निदान अधिक चटकन समजेल. विहिरीवरची मोटार पाच अश्वशक्तीची आहे आणि पाणी कमी पडते. शेजारी म्हणतो, साडेसातची बसव. ती बसविली आणि पाणी वाढले नाही; कारण विहिरीला झराच तेवढा होता, किंवा पाइप अरुंद होता. मोठी मोटार विहीर लवकर उपसून टाकते आणि मग कोरडी फिरते. संगणकाचेही तसेच आहे. प्रोसेसर ही मोटार. माहिती साठविणारी डिस्क ही विहीर. रॅम म्हणजे मधला हौद. आणि इंटरनेटची जोडणी म्हणजे पाइप.

जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कला एखादी माहिती शोधून काढण्यास सुमारे एक शतांश सेकंद लागतो. माणसाला हा काळ नगण्य वाटेल. पण तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्या वेळात तीन कोटी ठोके पडतात. म्हणजे प्रोसेसर प्रत्येक वेळी तीन कोटी ठोके हात बांधून डिस्ककडे पाहत बसतो. त्याच्या जागी आणखी वेगवान प्रोसेसर बसविला, तर तो चार कोटी ठोके बसून राहील, एवढाच फरक. उलट त्या जागी एसएसडी बसविली, तर हा विलंब साधारण शंभरपटीने घटतो. जिने दहा वर्षांची सेवा केली आहे अशा यंत्रात असा बदल केल्यावर ते नव्यासारखे चालू लागते, हा अनेक शाळांचा व कार्यालयांचा अनुभव आहे. चमत्कार वाटावा असे त्यात काही नाही; अडथळा होता तेथे हात घातला गेला, इतकेच.

जीन ॲमडाल या संगणक अभियंत्याने १९६७ साली मांडलेला विचार मुळात समांतर गणनेविषयी होता; पण त्याचे सार सर्वत्र लागू पडते. एखाद्या कामाचा जो भाग वेगवान केला त्याचा एकूण वेळेतील वाटा लहान असेल, तर कितीही सुधारणा करून एकूण वेळ फारसा वाचत नाही. उदाहरणार्थ, उतारा काढण्यास दहा मिनिटे लागत असतील आणि त्यांतली नऊ मिनिटे दूरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात जात असतील, तर टेबलावरचे यंत्र दुप्पट शक्तीचे केल्याने फार तर अर्धे मिनिट वाचेल. ‘सर्व्हर डाउन’ हे दोन शब्द आज गावोगाव पाठ झाले आहेत. त्यांवर आय-७ हा उतारा नव्हे. वीज गेली तर तर मुळीच नव्हे. तेथे चांगली बॅटरी अधिक कामाची.

वाढत्या कार्यक्रमांचा बोजा

मग जुने यंत्र वर्षागणिक मंद का होत जाते? पत्र तेच, पगारपत्रक तेच. मग त्यालाच अधिक शक्ती का लागावी? याचे उत्तर यंत्रात नसून यंत्रावर चालणाऱ्या कार्यक्रमांत आहे. पास्कल या संगणकभाषेचे जनक, स्वित्झर्लंडचे निकलाउस विर्थ यांनी १९९५ साली एका गाजलेल्या लेखात आटोपशीर कार्यक्रमांचा आग्रह धरला. यंत्रे ज्या वेगाने जलद होतात त्याहून अधिक वेगाने कार्यक्रम मंद होत जातात, हे त्यांचे निरीक्षण पुढे ‘विर्थचा नियम’ म्हणून ओळखले जाऊ लागले. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. उपलब्ध वेळ भरून निघेपर्यंत काम फुगत जाते, हा पार्किन्सन यांनी १९५५ साली मांडलेला नियम त्यांनी स्वतः अनुभवलेला असतो. येथे वेळेऐवजी रॅम म्हणावे. बाकी सारे तसेच.

याला आर्थिक कारण आहे. कार्यक्रम लिहिणाऱ्याचा वेळ महाग आणि ग्राहकाच्या यंत्राची शक्ती त्याच्या दृष्टीने फुकट. म्हणून थोडक्यात भागणारे काम तो ऐसपैस करतो आणि वाढलेला बोजा ग्राहकावर टाकतो. एका साध्या संकेतस्थळाच्या पानाबरोबर जाहिराती, हलती चित्रे आणि वाचकाचा माग काढणारे कार्यक्रम उतरतात. वाचकाने मात्र मागितलेली असते एक ओळ: निकाल लागला की नाही. अशा रीतीने जी ‘गरज’ दिसते ती कामाने निर्माण केलेली नसते. उत्पादनाने निर्माण केलेली असते. अर्थशास्त्रज्ञ गॅलब्रेथ यांनी १९५८ मध्येच दाखवून दिले होते, की सुबत्तेच्या अर्थव्यवस्थेत वस्तू गरज भागविण्यासाठी निर्माण होतात तशा गरजाही वस्तूंपाठोपाठ निर्माण केल्या जातात. अमेरिकेच्या सुबत्तेविषयी केलेले हे विवेचन आज शेळगावच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचले आहे; फक्त सुबत्ता मागे राहिली.

खुद्द यंत्रांच्या वाढीचा वेगही आता पूर्वीचा राहिलेला नाही. १९७१ साली इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरवर २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज साध्या लॅपटॉपमधील चिपवरही ते अब्जावधी असतात. परंतु घड्याळाची गती, जी जाहिरातीत पूर्वी मोठ्या अक्षरांत छापली जाई, ती २००४ सालीच ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचली होती आणि त्यानंतरच्या दोन दशकांत सर्वांत महागड्या यंत्रांतही दुप्पट होऊ शकलेली नाही. चिप तापते, हे कारण. म्हणून कारखानदारांनी एकाऐवजी चार, आठ, सोळा गणनकेंद्रे बसविली. एकट्याने करावयाच्या कामावर सोळा मजूर लावले तर पंधरा बांधावर बसून राहतात. पत्र लिहिणे हे बहुतांशी असेच एकट्याचे काम आहे.

मंद म्हणून नव्हे, यादीत नाही म्हणून

या साऱ्याची कसोटी लावणारी घटना नुकतीच घडली. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० या प्रणालीची नियमित दुरुस्ती थांबविली. ज्यांना विंडोज-११ घ्यावयाची असेल त्यांच्यासाठी ठेवलेल्या किमान अटी पाहण्यासारख्या आहेत. एक गिगाहर्ट्झची गती, दोन गणनकेंद्रे, चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवण! गतीचा हा निकष पंधरा वर्षांपूर्वीचे यंत्रही ओलांडते. पण त्यासोबत सुरक्षेसाठी टीपीएम २.० ही सोय आणि मान्य प्रोसेसरच्या यादीत नाव असणे आवश्यक ठरविले गेले. आणि इंटेलच्या बाबतीत ही यादी, एखाददुसरा अपवाद सोडता, २०१७ नंतरच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे असंख्य यंत्रे बाद ठरली ती मंद होती म्हणून नव्हे, तर यादीत नव्हती म्हणून.

सुरक्षेचे कारण पोकळ आहे, असे म्हणता येणार नाही. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, आधारची माहिती भरली जाते, ते असुरक्षित ठेवणे धोक्याचेच. परंतु सुरक्षेची गरज आणि शक्तीची गरज या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुकानात त्या एकच करून विकल्या जातात. ज्या शाळेला सुरक्षित प्रणाली हवी आहे तिच्यापुढे नवी यंत्रे घेणे हा एकमेव मार्ग नाही. केरळमधील शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेली लिनक्स प्रणाली गेली दोन दशके यशस्वीपणे वापरली आहे. आपल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांना सामावून घेणारी अशी प्रणाली तयार केली. जुन्या यंत्रात एसएसडी व थोडी अधिक रॅम बसवून त्यावर अशी प्रणाली चालविणे, हा नव्या खरेदीच्या काही अंशाने भागणारा उपाय आहे. त्यासाठी शिक्षकांना थोडे प्रशिक्षण द्यावे लागेल, हे खरे. पण प्रशिक्षणावर झालेला खर्च पाच वर्षांनी भंगारात जात नाही. लॅपटॉपच्या एकूण आयुष्यात होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो वापरताना नव्हे, तर तो तयार करतानाच होतो, हेही येथे ध्यानात ठेवावे.

खरी गणना अन्यत्र

याचा अर्थ समाजाला अधिक गणनशक्ती नकोच, असा मात्र नाही. ती कोठे हवी, हा खरा प्रश्न आहे. शेळगावपासून काही तासांच्या अंतरावर, पुण्यात पाषाण येथे भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत ‘अर्का’ हा महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला अकरा हजार लक्ष कोटींहून अधिक आकडेमोडी. या शक्तीच्या बळावर मे २०२५ पासून देशाचा हवामान अंदाज सहा किलोमीटरच्या चौकटीत मांडता येऊ लागला. पूर्वी ही चौकट बारा किलोमीटरची होती. चौकट अर्धी करावयाची तर गणना दुप्पट नव्हे, कितीतरी पट वाढते. द्राक्षाच्या वा डाळिंबाच्या बागेवर औषध फवारावे की दोन दिवस थांबावे, हे ठरविताना या गणनेचा प्रत्यक्ष उपयोग आहे. येथे प्रत्येक वाढीव शक्ती ही पहिल्या भाकरीसारखी आहे.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने उसासाठी हाती घेतलेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोगही हेच सांगतो. शेतातील संवेदक ओलाव्याची नोंद घेतात, उपग्रहाची छायाचित्रे येतात, हवामानाचे आकडे मिळतात. ही सारी गणना दूरच्या संगणक केंद्रात होते आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर पाणी व खत यांबाबतचा सल्ला त्याच्या भाषेत उमटतो. त्याच्या हातातील यंत्राला केवळ तो सल्ला दाखवावयाचा असतो. १ मे २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा असो की बँकेचे खाते, टेबलावरचा संगणक हा बहुतेक ठिकाणी आता खिडकी झाला आहे. कोठार दुसरीकडे आहे. खिडकीला सोन्याची चौकट बसविल्याने कोठारातले धान्य वाढत नाही.

नीरा डाव्या कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला हा न्याय वेगळा सांगावयास नको. धरणात पाणी किती, हा एक प्रश्न. आणि ते शेवटच्या चारीपर्यंत पोहोचते की नाही, हा दुसरा. गणनशक्तीची धरणे आता मोठी झाली आहेत. उणीव आहे ती चाऱ्यांची: अखंड विजेची, भरवशाच्या जोडणीची आणि मराठीत नीट चालणाऱ्या सोप्या कार्यक्रमांची.

दुसरी बाजू

या विवेचनाला दोन गंभीर आक्षेप संभवतात. पहिला असा, की सर्वांची कामे सारखी नसतात. स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी त्रिमितीय आराखडे काढतो, कोणी चलच्चित्रांचे संपादन करतो, कोणी मोठ्या माहितीसाठ्यांचे पृथक्करण करतो. त्यांना शक्तिमान यंत्र हवेच, आणि त्यात काटकसर करणे म्हणजे सुताराला बोथट पटाशी देणे होय. हा आक्षेप मान्य आहे. किंबहुना तो मूळ मुद्द्यालाच पुष्टी देतो. आधी काम पाहावे, मग यंत्र.

दुसरा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेचा. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नव्या वर्गातील संगणकांसाठी १६ जीबी रॅम आणि सेकंदाला ४० लक्ष कोटी क्रिया करणारा स्वतंत्र गणनभाग आवश्यक ठरविला आहे. उद्या मराठीत बोललेले लिहून घेणे, उताऱ्याचा सारांश काढणे ही कामे माणसाच्या स्वतःच्या यंत्रावर, त्याची माहिती बाहेर न जाऊ देता होऊ शकतील. आणि खाजगीपणाचे मोल जाणणाऱ्याला हा लाभ लहान नाही. हे घडेल तेव्हा रोजच्या संगणकाला अधिक शक्तीची खरी गरज पुन्हा एकदा निर्माण होईल, जशी ती ‘जिस्ट’ कार्डाच्या काळात होती. परंतु उद्याच्या शक्यतेसाठी आज किंमत मोजणे हा विमा झाला, आणि विम्याचा हप्ता जोखमीच्या मानाने असावा लागतो. ज्या कामाचे स्वरूप अद्याप ठरावयाचे आहे त्यासाठी घेतलेले यंत्र ते काम येईपर्यंत जुने होण्याचाच संभव अधिक.

यात एक विपरीत गोष्टही घडली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक केंद्रांनी स्मृतिचिपांची मागणी एवढी वाढविली, की २०२५ च्या अखेरीस साध्या संगणकाच्या रॅमचे भावही झपाट्याने चढले. ज्या सुट्या भागाने जुने यंत्र सुधारता येते तोच महाग व्हावा, हे लहान ग्राहकाचे दुर्दैव. म्हणून तर उपलब्ध पैसा योग्य जागी लावण्याची निकड वाढली आहे.

खरेदीचा विवेक

तेव्हा शेळगावच्या त्या वडिलांनी दुकानाची पायरी चढण्यापूर्वी काय करावे? मुलीच्या अभ्यासक्रमात कोणते कार्यक्रम लागतात, हे महाविद्यालयात विचारून घ्यावे. ते साधे असतील तर सर्वांत वरच्या प्रोसेसरचा मोह सोडून मध्यम यंत्र घ्यावे. पण त्यात एसएसडी असावी, आठ जीबी रॅम असून पुढे ती वाढविण्याची सोय असावी, बॅटरी चांगली असावी आणि दुरुस्तीची व्यवस्था जवळपास असावी. वाचलेले काही हजार रुपये पुस्तकांना, परीक्षा शुल्काला किंवा वर्षभराच्या इंटरनेटला लागतील. त्यांचा सीमान्त उपयोग, अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर, कितीतरी अधिक आहे.

आणि सार्वजनिक संस्थांनी? निविदेत प्रोसेसरची पिढी लिहिण्याआधी, काम कोणते आणि ते आज कोठे अडते, याची लेखी नोंद करण्याचा नियम त्यांनी स्वतःला घालून घ्यावा. आठवडाभर एखाद्या कारकुनाने घड्याळ समोर ठेवून पाहिले, तरी अडथळा डिस्कचा आहे, जोडणीचा आहे की विजेचा, हे कळून येईल. या पाहणीला खर्च शून्य. सरकारी संकेतस्थळे तयार करवून घेणाऱ्यांनी तर, आपले पान दहा वर्षांच्या जुन्या यंत्रावर आणि मंद जोडणीवरही उघडले पाहिजे, अशी अट करारातच घालावी. एका ठिकाणी घातलेल्या या अटीने लाखो टेबलांवरील खर्च वाचेल.

ज्या शेतकऱ्याने एकदा मोठी मोटार बसवून कोरडी विहीर पाहिली आहे, तो दुसऱ्या वेळी आधी झरा तपासतो. ते शहाणपण त्याला कोणा कंपनीने शिकविले नाही. पदरच्या पैशाने शिकविले. संगणकाच्या बाबतीत तोच धडा सार्वजनिक पैशाने पुन्हा पुन्हा गिरविण्याची गरज नाही.